तांडेलची रायफल

टक्.

दोनशे यार्डांवर निशाण, पोटाखाली गारठलेली ताडपत्री, आणि माझ्या शेजारी लेटलेल्या कुमुदिनी तांडेलच्या रायफलीतून आवाज आला तो एवढाच. थ्री नॉट थ्री उडाली की छातीत ढोल वाजतो. हा आवाज म्हणजे कुणी कपाटाची कडी लावावी तसा.

"मिसफायर," तांडेलनं हात वर केला.

"नळी म्होरंच ठेव," मागून फाळके उस्ताद ओरडले. "बोल्टला हात लावू नगं. तीस आकडं मोज."

तांडेलनं मोजले. मीही तिच्याबरोबर मनातल्या मनात मोजत होते, कारण उशिरानं उडणाऱ्या राउंडाच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकल्या होत्या आणि ती माझ्यापासून चार हातांवर होती. तीस झाले. तिनं बोल्ट मागं ओढला, राउंड ताडपत्रीवर पडला, उस्तादांनी तो उचलून खिशात टाकला. हा तिसरा. दहातले तीन राउंड असे टक् करून बसले होते.

माझे दहाच्या दहा उडाले होते.

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. समुद्राकाठच्या आमच्या जिल्ह्यातून आम्ही चार महिला पोलीस खानदेशातल्या एका फायरिंग बटावर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, आलो होतो. राज्याच्या पोलीस संघाची निवड होती, दर डिसेंबरात होणारी. बाकीच्या दोघी पहिल्याच फेरीत गळाल्या, संघात जागा उरली एक, आणि त्या एका जागेसाठी उरलो तांडेल आणि मी. म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या दोघी. मी सत्तावीस वर्षांची, मला पुढं पुष्कळ डिसेंबर होते. तांडेल चौतीस पार केलेली. पस्तिशीनंतर संघात नवीन नाव घ्यायचं नाही असा तेव्हा नियम होता, त्यामुळे तिला हा एकच डिसेंबर होता. घर दर्यावर्दी. लहानपणापासून बापाच्या होडीत बसून लाटांवर डुलणारी बोय, म्हणजे जाळ्याची तरंगती खूण, शोधायची सवय. हलत्या पाण्यात हलती बोय सापडते त्या डोळ्याला जागेवर उभं असलेलं निशाण म्हणजे पोरखेळ. आठ वर्षं ती बंदरावर बंदोबस्ताला उभी होती, आणि आठ वर्षं साहेबलोक तिला सांगत होते, पुढच्या वर्षी पाठवू.

त्या दिवशी माझे पंचेचाळीस झाले. पन्नासातले. संघात जायला पंचेचाळीस लागतातच, म्हणजे मी उंबरठ्यावर पाय टेकवून उभी. तांडेलचे सातच राउंड उडाले आणि त्या सातांत तिनं चौतीस मारले. उरलेले तीन उडाले असते तर मी तिच्या जवळपासही नव्हते. हे मला कळत होतं, उस्तादांना कळत होतं, आणि तांडेलला तर कळतच होतं.

उन्हं जरा वर आली तेव्हा बटाच्या कडेला टेबलाशी पंचायत भरली. रेंजचे प्रमुख रणदिवे साहेब खुर्चीत. त्यांच्या बाजूला दारूगोळ्याची पेटी सांभाळणारे अहिरराव जमादार, पेटीवर हात ठेवून, जणू कुणी ती पळवणार आहे. उस्तादांनी खिशातून तीन राउंड काढून टेबलावर उभे केले.

"साहेब, ह्यांची बुडं बघा," ते म्हणाले. "बुडाला ही तांब्याची टोपी. पिन जोरात बसली की टोपीत खड्डा पडतो, आतला मसाला पेटतो न् राउंड उडतो. हितं खड्डा कुठंय? नुसता चिमटा काढल्यागत झालंय."

"मंग राउंडाचा दोष नाही ना, उस्ताद," अहिरराव लगेच म्हणाले. "पिन बसलीच नाही, तर माझा राउंड काय आपल्या मनानं उडेल? याच पेटीतले दहा धुरी ताईंनी उडवले. एक पण नाही अडकला."

धुरी ताई म्हणजे मी.

उस्तादांनी तांडेलच्या रायफलीचा बोल्ट काढला, उलटासुलटा केला, मागचा दट्ट्या ओढून सोडला. स्प्रिंग खटकन पुढं गेली. त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं, बोट नाकाशी नेलं.

"खोबऱ्याचा वास येतोय," ते म्हणाले आणि मान वर करून बघितलं. आम्ही चौघी त्यांच्याभोवती वाकून उभ्या, चौघींच्या डोक्यात आदल्या दुपारी थापलेलं चप्प तेल. "जरा लांब व्हा की गं. हत्यार बघू द्या."

आम्ही लांब झालो.

"साफ कुणी केली ही?"

"मी," मी म्हणाले. दोघींच्या रायफली मीच साफ करत असे. तांडेल त्या बदल्यात दोघींचे गणवेश इस्त्री करायची, कारण मी इस्त्री केली की पँटला तीन घड्या पडत.

"तेल कुठलं घातलं?"

"नेहमीचंच."

ते खोटं नव्हतं. उस्ताद साताऱ्याकडचे, आमच्या जिल्ह्याच्या संघाला शिकवायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. आमच्याकडचं नेहमीचं काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. त्यांनी बोल्ट परत बसवला.

दुपारी बारा वाजता रणदिवे साहेबांनी परीक्षा घेतली. तीच रायफल, तेच न उडालेले तीन राउंड, आणि नेम धरायला खुद्द उस्ताद. ऊन असं कडक पडलं होतं की सकाळी स्वेटर घालणारे सगळे सदऱ्याच्या बाह्या दुमडून उभे होते. उस्तादांनी पहिला राउंड भरला.

ठो.

दुसरा. ठो. तिसरा. ठो.

सकाळी मेलेले तीन राउंड दुपारी जिवंत होऊन मातीत घुसले होते. उस्तादांनी टोपी काढून डोकं खाजवलं. अहिरराव मात्र खूश झाले, त्यांची पेटी निर्दोष सुटली होती.

"म्हणजे राउंड चांगले," रणदिवे साहेब म्हणाले. "रायफलही चांगली. मग उरलं काय? माणूस. तांडेल, तू बोल्ट पूर्ण खाली दाबत नाहीस. बायकांच्या हाताला थ्री नॉट थ्रीचा बोल्ट जड जातो, मी पाहिलंय."

तांडेलचे हात तुम्ही पाहायला हवे होते. ओल्या जाळ्याचा भार ओढून ओढून तिचं मनगट माझ्या दीडपट होतं. तिनं ते हात पाठीमागं घेतले आणि सावधानमध्ये उभी राहिली.

"दुसरी रायफल देऊ तुला?" साहेबांनी विचारलं.

"नको साहेब. माझ्या खांद्याला, माझ्या डोळ्याला बसलेली ती एकच आहे. दुसरीनं मी कुठंतरी भलतीकडं मारीन."

"ठीक. उद्या सकाळी सात वाजता तू एकटी पुन्हा दहा राउंड मारशील. धुरीचे पंचेचाळीस आहेत. त्याच्या वर गेलीस तर जागा तुझी, नाहीतर धुरीची. आणि हे ऐक. उद्या जो राउंड उडणार नाही तो शून्य. पुन्हा संधी नाही." मग ते अहिररावांकडं वळले. "रायफल आजपासून तुमच्या तंबूत, कुलपात. मला विचारल्याशिवाय कुणी हात लावला तर तो खेळाडू बाद."

मी बोटांवर हिशेब केला. दहाही राउंड वर्मी लागले तर पन्नास. एक जरी टक् झाला तर उरले पंचेचाळीस. म्हणजे बरोबरी, वर नाहीच. एका 'टक्'मध्ये तिचं सगळं संपणार होतं.

त्या संध्याकाळी तंबूत ती जेवली नाही. कांबळं गुंडाळून बसली आणि हवेत उजवा हात फिरवत राहिली: वर, मागं, पुढं, खाली. बोल्ट बंद करायची कसरत. किती वेळ ते मी मोजलं नाही. शेवटी माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं.

"खरा सांग गो. माझो हात चुकता?"

"नाय गो. तुझो हात कसो चुकात?"

"मगे राउंड कित्याक उडूक नाय? तुझे उडाले. उस्तादांचे उडाले. माझेच तेवढे कित्याक?"

"उद्या उडतले," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मला ती जागा हवी होती, हे आधी सांगून टाकते. पण अशी नको होती. तांडेलला आपल्याच हाताचा संशय यावा, हे बघवत नव्हतं. मी तिच्या खांद्यावर माझंही कांबळं टाकलं आणि आम्ही पडलो. थंडी अशी की नाक माझंच आहे का ते चाचपून बघावं लागत होतं.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी उठले. बाकीच्या तिघी पांघरुणात गुडूप. आवरायला घेतलं. केस सोडले, पिशवीतून तेलाची बाटली काढली, तळहातावर उपडी केली.

थेंब येईना.

हलवली. काही नाही. बॅटरीच्या उजेडात धरली तर आत पांढराशुभ्र दगड. आईनं घाण्यावरून काढून आणलेलं, पाण्यासारखं नितळ खोबरेल, तळापासून बुचापर्यंत गोठून बसलेलं. आमच्याकडं पौषात एखाद्या पहाटे तळाशी जरा पांढरं धरतं, आठ वाजेपर्यंत परत पातळ. असा दगड मी जन्मात पाहिला नव्हता. मला आधी हसू आलं. आणि हसता हसताच मी थांबले.

कारण तांडेलच्या रायफलीच्या बोल्टात हेच तेल होतं.

आमच्याकडचं नेहमीचं म्हणजे हे. सरकारी तेलाचा डबा वर्षातून एकदा यायचा आणि गणपतीपर्यंत संपायचा. खाऱ्या हवेत रायफलीला आठ दिवसांत गंज धरतो, मग करायचं काय? घरचं खोबरेल घालायचं. माझ्या आधीच्या पोलिसांनी तेच केलं, मीही तेच केलं, आणि आमच्या रायफली आरशासारख्या चकचकीत असत. कोकणातल्या माणसाला खोबरेल कशालाही चालतं. डोक्याला, भाकरीला, दिव्याला, लचकलेल्या पायाला, दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला. रायफलीनंच काय घोडं मारलं होतं? मी तर बोल्टाच्या आत, स्प्रिंगेवर, चांगलं निथळेपर्यंत ओतलं होतं. पहाटेच्या थंडीत त्याचं मेण होत होतं, आणि मेणातून सरकत येणारी पिन टोपीवर पोचेपर्यंत दमून जात होती. दुपारी उन्हात मेणाचं पुन्हा तेल. सगळं लख्ख कळलं मला. उस्तादांना न कळलेलं, साहेबांना न कळलेलं.

आणि हेही कळलं की मी तोंड उघडलं नाही तर सात वाजता पहिलाच राउंड टक् करणार. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

मी वेणी घातली.

लाजून लाजून सांगते, पण सांगते. बाटली खाली ठेवली, कोरड्या केसांतून कंगवा फिरवला, तीन पेड घेतले आणि टोकापर्यंत पुरी वेणी घातली. माझे केस तेव्हा कमरेखाली होते. वेणी घालताना मी संघाचा निळा कोट अंगात घातलेला पाहिला, वर्तमानपत्रातला फोटो पाहिला, गावात आईला कुणीतरी तो फोटो वाचून दाखवतंय तेही पाहिलं. माणसाचं मन वेणीच्या वेळात किती लांब जाऊन येतं. मग रिबीन बांधली आणि माझ्या हातांकडं बघितलं. तेच हात, काल तिच्या खांद्यावर कांबळं टाकणारे.

मी पळाले. अनवाणीच.

उस्ताद शेकोटीशी दात घासत होते. मी बाटली त्यांच्या नाकासमोर धरली.

"उस्ताद, हे बघा."

"मला नगं तेल, माझं टक्कल हाय."

"उस्ताद, तांडेलच्या बोल्टात हे आहे."

त्यांनी बाटली घेतली. उलटी केली. हलवली. तोंडातली मिश्री थुंकले आणि मला वाटलं आता एक ठेवून देतील. पण ते बाटलीकडंच बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पसरला की जणू त्यांचीच जागा परत मिळाली.

"आयला," ते हळूच म्हणाले. "सकाळी मेलं न् दुपारी उठलं. आगं, मी रातभर झोपलो न्हाई याच्यापायी." मग घड्याळ बघितलं. "सहा पस्तीस. साहेबाकडं. पळ, पळ, पळ."

रणदिवे साहेब दाढीला साबण लावून तंबूच्या दारात आले. मी सावधान. उस्तादांनी दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी अहिररावांना हाक मारली, कुलूप उघडलं, बोल्ट बाहेर काढला. उस्तादांनी हात पुढं केला तसा मी केसातला आकडा काढून दिला. त्यांनी तो बोल्टाच्या मागच्या फटीत घातला आणि बाहेर ओढला. आकड्याच्या टोकाला लोण्यासारखा पांढरा गोळा.

"घ्या," अहिरराव म्हणाले. "आणि सगळे माझ्या पेटीवर उठले होते."

साहेबांनी तो गोळा पाहिला. साबण गालावर तसाच वाळत होता.

"धुरी, तुझ्या रायफलीतही हेच असणार. मग तुझे दहा कसे उडाले?"

हा प्रश्न येणार हे मला पळताना माहीत होतं.

"माझ्यात सरकारी तेल आहे साहेब."

उस्तादांनी माझ्याकडं मान वळवली.

"म्हणजे स्वतःच्या रायफलीत सरकारी तेल," साहेब एकेक शब्द मोजत म्हणाले, "आणि जिच्याशी स्पर्धा आहे तिच्या रायफलीत हे."

"साहेब, डबा गणपतीतच संपला होता. तळाशी एकाच रायफलीपुरतं राहिलं होतं. काळं, गाळानं भरलेलं. ते मी माझ्यात घातलं. आईच्या घाण्याचं चांगलं होतं ते तिला घातलं. चांगलं म्हणून तिला घातलं, साहेब."

बोलता बोलता मलाच कळत होतं की हे कुणालाही पटणार नाही. मी साहेबांच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं. तेवढ्यात साहेबांची नजर माझ्या मागं गेली. मी वळले. तांडेल उभी होती, गणवेशात, केस बांधलेले. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"तांडेल, ऐकलंस?" साहेब म्हणाले. "तुला तक्रार द्यायचा हक्क आहे. लेखी दे, मी हिच्यावर चौकशी लावतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं असं नाही म्हणता येणार. लांबची होडी आपली की परकी हे ओळखायला बघावं, तसं.

"ते मागनं बघू साहेब," ती म्हणाली. "आधी माझी रायफल नीट करून द्या. सात वाजत आलेत."

साहेबांनी गालावरचा साबण पुसला. "धुरी, तुझे पंचेचाळीस मी खोडतोय. तू यादीत नाहीस. पण तांडेल, तुला जागा आयती मिळणार नाही. काल ठरलं तेच. पंचेचाळीसच्या वर, आणि जो उडणार नाही तो शून्य. नाहीतर जागा रिकामी जाईल. सातला मी शिट्टी मारणार."

पावणेसात.

"रॉकेल?" उस्तादांनी विचारलं.

"रॉकेल जीपनं आणावं लागेल, अर्धा तास," अहिरराव म्हणाले. "उकळतं पाणी आहे. मेसमध्ये. चहाचं."

मग जे आम्ही पळालो ते आजही डोळ्यांसमोर आहे. पुढं उस्ताद बोल्ट छातीशी धरून, मागं मी अनवाणी, आणि मागनं निवृत्तीला आलेले अहिरराव जमादार पोट सावरत, कारण बोल्ट त्यांच्या ताब्यातला होता आणि तो नजरेआड होऊ द्यायला ते तयार नव्हते. मेसच्या चुलीवर पाण्यानं भरलेलं भलंमोठं पातेलं खदखदत होतं. आचारी चहापत्तीचा डबा उघडून उभा.

"टाकू नगंस," उस्ताद ओरडले. आचाऱ्याचा हात हवेतच राहिला. उस्तादांनी बोल्टाला दोरी बांधली आणि सरळ पातेल्यात सोडला.

"अहो, दीडशे माणसांचा चहा आहे तो."

"आज दीडशे माणसं उशिरा पितील."

पाण्यावर तेलाचे डोळे तरंगू लागले. एक, दोन, दहा, मग अख्खा तवंग. खोबऱ्याचा असा घमघमाट सुटला की मेसमध्ये कुणीतरी विचारलं, आज नाश्त्याला काय आहे? उस्तादांनी बोल्ट वर काढला, दट्ट्या ओढून सोडला, परत बुडवला. पुन्हा काढला. पुन्हा बुडवला. मी चिंध्या फाडत होते, ते पुसत होते, अहिरराव घड्याळ वाचत होते.

"सहा बावन्न. सहा चौपन्न. उस्ताद, बस करा."

"एकदा अजून. फटीत ऱ्हायलं असलं तर?"

"सहा छप्पन."

शेवटी उस्तादांनी तो कोरडा ठणठणीत बोल्ट कानाशी नेला आणि दट्ट्या सोडला. खटक. असा कोरा, तुटक आवाज आला की आम्ही तिघं एकमेकांकडं बघून हसलो, आणि लगेच परत पळालो.

सात वाजता तांडेल ताडपत्रीवर लेटलेली होती. मी दोरीच्या बाहेर, बघ्यांत. काल जे तिच्यावर हसले ते सगळे जमले होते. बायकांच्या हाताला बोल्ट जड जातो हे साहेबांचं वाक्य रात्रीतून सगळ्या तंबूंत फिरून आलं होतं. साहेबांनी शिट्टी मारली.

तिनं राउंड भरला. बोल्ट पुढं, बोल्ट खाली. माझ्या दोन्ही मुठी माझ्या तोंडात होत्या.

ठो.

मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही. समोरच्या खंदकातून निशाण दाखवणाऱ्यानं काठी वर केली: पाच. दुसरा ठो, पाच. तिसरा चार. चौथा पाच, पाचवा पाच. उस्ताद माझ्या शेजारी उभे राहून प्रत्येक बाराला गुडघा वाकवत होते, जणू रायफल त्यांच्याच खांद्यावर होती. सहावा चार. सातवा पाच, आठवा पाच. अडतीस. नववा चार. बेचाळीस.

म्हणजे शेवटचा चार हवाच. तीन लागले तर पंचेचाळीस, आणि ती घरी.

तांडेलनं दहावा भरला आणि थांबली. एवढा वेळ थांबली की साहेबांनी घड्याळ बघितलं. तिचं बोट ट्रिगरवर आलं, उचललं गेलं, परत आलं. वारा नव्हता, ऊन डोळ्यात नव्हतं. ती कशासाठी थांबलीय मला कळेना. "मार गो बाय," मी पुटपुटत होते, "मार."

ठो.

काठी वर यायला जो वेळ लागला तेवढ्यात मी सगळे देव आळवले. काठी वर आली. मधोमध. पाच.

सत्तेचाळीस.

पुढचं सगळं धांदलीतलं. उस्तादांनी टोपी हवेत उडवली आणि ती अहिररावांच्या डोक्यावर पडली. रणदिवे साहेबांनी तांडेलशी हात मिळवला आणि नंतर आपलाच हात जरा चोळला. आचारी चहाची किटली घेऊन आला, आणि त्या चहाला खोबऱ्याचा वास होता असं लोक अजून शपथेवर सांगतात. तांडेलनं लेखी तक्रार दिली नाही. साहेबांनी मला दहा मिनिटं उभं करून झापलं आणि सरकारी तेलाचा नवा डबा आमच्या जिल्ह्याच्या नावे लिहून दिला.

संध्याकाळी ट्रकमधून स्टेशनला निघालो. बाकीच्या दोघी पुढं गाणी म्हणत होत्या. तांडेल मागं माझ्याशेजारी येऊन बसली. रस्ता बघत होती.

"कधी कळला तुका?" तिनं विचारलं.

"सकाळी."

"सकाळी म्हणजे कधी?"

गोठलेली बाटली हातात आली आणि तशीच धावले, असं सांगता आलं असतं. साहेबांनाही मी तसंच भासू दिलं होतं.

"वेणी घालूच्या आधी," मी म्हणाले.

"माका म्हायत हा." ती अजून रस्त्याकडंच बघत होती. "मी जागीच होतंय. बाटली हातात धरून तू बसलंस. मगे खाली ठेवलंस आणि वेणी घातलंस. तुझे हात कापत होते. माका वाटला, थंडीन."

मी रडायला लागले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"चांगला तेल म्हणान माका घातलंस, ता मी मानतंय," ती म्हणाली. "तू मुद्दाम करुची नाय. आणि धावलंस ता पण मी बघलंय. पण काय सांगू तुका? दर राउंडाक ट्रिगर दाबताना वाटत होता, ह्यो नाय उडाचो. धुरीचो हात लागलोलो हा. दहाव्याक तर माझा बोटच उठेना."

एवढं बोलून तिनं पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला, दोन तुकडे केले, मोठा मला दिला.

तांडेल त्या वर्षी राज्याकडून खेळली, पुढंही दोनदा खेळली. मी चार वर्षांनी संघात आले तेव्हा रेल्वेत माझी ट्रंक तिनंच चढवली. तिच्या मुलीच्या लग्नात दागिन्यांचा डबा तीन दिवस माझ्या उशाशी होता. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नवरा बोटीवर होता, कागदावर सही मी केली. बावीस वर्षं आम्ही एकाच पोलीस लाइनीत राहिलो आणि माझ्या घरात काय शिजतंय हे माझ्या आधी तिला कळायचं.

बटावरून आलो की आम्ही व्हरांड्यात चटई टाकून बसायचो. मध्ये तेलाचा डबा, चिंध्या, दोघींच्या रायफली. ती गप्पा मारायची, साहेबांच्या नकला करायची, मला हसवून हसवून बेजार करायची. आणि माझा हात चुकून तिच्या रायफलीकडं गेला, तर बोलणं न थांबवता ती रायफल ओढून आपल्या मांडीवर घ्यायची. निवृत्त झाली त्या दिवशीसुद्धा.